तुळशीच्या उतारापासून कुंपणापर्यंत

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका लहान पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "इथे कुठेतरी नदी आहे म्हणे, ती कोणत्या बाजूला?" आम्ही दोघेही त्या क्षणी नदीच्या बरोबर वर उभे होतो. मी खाली बोट दाखवले. त्यांनी वाकून पाहिले, काळे धोंडे आणि त्यांच्या फटींत साचलेला पाचोळा पाहिला, "ही होय!" एवढेच म्हणाले आणि चालू लागले. त्यांचा हिरमोड मला समजू शकत होता, कारण बोरिवलीला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षे मीसुद्धा या पात्राकडे पावसाळी ओढा म्हणूनच पाहत होतो, आणि उद्यानाच्या बाहेर, महामार्गापाशी बारा महिने वाहणाऱ्या काळ्या पाण्याला मात्र बिनदिक्कत 'दहिसर नदी' म्हणत होतो. हे अगदी उलटे आहे, हे कळायला मला बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या. एप्रिलमध्ये जिथे पाणी वाहत नाही ती नदी आहे, आणि एप्रिलमध्ये जिथे भरपूर पाणी वाहते तिथे नदी उरलेली नाही.

दहिसर नदीची एकूण लांबी जेमतेम बारा किलोमीटर. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या मुंबईच्या चार नद्यांपैकी ही उत्तरेकडची. साधारण १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागातून निघून ती वायव्येकडे उतरत जाते, बोरिवलीच्या बाजूने कुंपण ओलांडते आणि शेवटी मनोरीच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. नकाशावर बोट फिरवले तर सगळा प्रवास दोन सेकंदांत संपतो. प्रत्यक्षात तिचा वरचा भाग सलग पाहणे कोणालाच सहज शक्य नाही, कारण रस्ता आणि परवानगी असलेल्या मोजक्या निसर्गवाटा सोडून जंगलात शिरण्यास मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. त्यामुळे मी ही नदी तुकड्यातुकड्यांत पाहिली आहे: काही पुलांवरून, काही कान्हेरीच्या डोंगरावरून, काही वनविभागाच्या मार्गदर्शकाबरोबर शिलोंड्याच्या वाटेवरून.

तिचा उगम तुळशी तलावात आहे, असे बहुतेक माहितीपत्रकांत एका वाक्यात लिहून मोकळे होतात. त्या वाक्याने तलाव निसर्गनिर्मित वाटू लागतो आणि नदी त्यातून अलगद बाहेर पडत असावी असा समज होतो. तुळशी तलाव हे माणसाने बांधलेले धरण आहे. १८६० साली विहार तलावातून मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. वाढत्या शहराला ते दहा-बारा वर्षांतच अपुरे पडू लागले, तेव्हा वरच्या बाजूला तासो नावाच्या प्रवाहावर बांध घालून त्याचे पाणी विहारच्या मदतीला वळवण्याचे काम हाती घेण्यात आले आणि १८७९ मध्ये तुळशीचा तलाव पुरा झाला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत हा सर्वांत लहान. तो भरला की वर्तमानपत्रांत बातमी येते. त्याच्या काठावर मगरी राहतात, आणि शहरातल्या लक्षावधी लोकांनी तो कधीही पाहिलेला नसतो. म्हणजे या डोंगरांतले डोक्यावरचे पाणी आपण दीडशे वर्षांपूर्वीच पिण्यासाठी काढून घेतले आहे. तलावाच्या खाली जी नदी वाहते, ती मुख्यतः उद्यानातल्या डोंगरउतारांवर पडणाऱ्या पावसाने, कोकणात ज्यांना पऱ्या म्हणतात तशा असंख्य लहान प्रवाहांनी भरते. तिचा उगम एका बिंदूत दाखवण्यापेक्षा हे सगळे उतार हाच तिचा उगम मानावा, असे मला वाटते.

या उतारांवर दर वर्षी सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खालचा खडक ज्वालामुखीतून आलेला, एकसंध असेल तिथे पाणी मुळीच न शोषणारा. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात काय मुरेल तेवढेच. म्हणून जुलैतल्या जोरदार सरीनंतर ही नदी तासाभरात रौद्र होते आणि पाऊस थांबला की तितक्याच लवकर उतरते. पुलाच्या वरच्या अंगाला पात्रात एक मोठा धोंडा आहे, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. पाण्याचा अंदाज मी त्याच्यावरून घेतो. एकदा जुलैमध्ये सकाळी सात वाजता त्याची पाठ पूर्ण बुडालेली होती, वरून फक्त एक जाड, फुगीर लाट जात होती. नऊ वाजता परत येताना पाठ उघडी पडली होती आणि तिच्यावर एक धोबी पक्षी शेपटी हलवत बसला होता. दोन तासांत एवढा फरक.

मग नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत या पात्रात वाहते पाणी कुठून राहते, हा प्रश्न मला पडत असे. त्याचे उत्तर खडकापेक्षा त्याच्यावरच्या जेमतेम फूटभर थरात अधिक आहे. शिलोंड्याच्या वाटेवर, दिवाळीनंतरच्या एका सकाळी, मार्गदर्शकाने उतारावरचा पाचोळा बोटांनी बाजूला केला. वरची पाने कुरकुरीत वाळलेली होती; त्यांच्याखालची पाने मऊ, काळपट आणि एकमेकांना चिकटलेली होती; त्यांच्याखाली पांढऱ्या बुरशीच्या दोऱ्यांनी बांधलेली माती होती, आणि ती मुठीत दाबल्यावर तळवा ओला झाला. पाऊस थांबून तेव्हा महिना उलटून गेला होता. हे पाणी मुळांच्या वाटेने, कारवीच्या झुडपांच्या दाट जाळीखालून, खडकाच्या भेगांतून थेंबाथेंबाने खाली येत राहते आणि पात्राला पोहोचते. कारवीबद्दल लोकांना आठ वर्षांनी येणाऱ्या निळ्या-जांभळ्या फुलोऱ्यामुळे कौतुक असते, २०१६ आणि २०२४ साली ती फुलली तेव्हा कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. मधल्या सात वर्षांत तीच कारवी मुसळधार पावसात तीव्र उतारांवरची माती धरून ठेवते, त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. वास्तविक नदीच्या दृष्टीने तेच काम मोठे.

नदीच्या या स्वभावाची सर्वांत जुनी आणि सर्वांत शहाणी नोंद कान्हेरीच्या डोंगरात आहे. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि हजारभर वर्षे या डोंगरावर बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. लोक तिसऱ्या क्रमांकाचा भव्य चैत्य पाहतात, बुद्धमूर्तींची छायाचित्रे काढतात आणि परततात. माझी सूचना अशी की पुढच्या वेळी मूर्तींकडे पाठ करून पायाखाली पाहावे. लेण्यांच्या माथ्यावरच्या उघड्या खडकात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. पावसाचे पाणी त्या पन्हळींतून वळत, एकत्र येत, लेण्याच्या दाराशी असलेल्या टाक्यात उतरते. या टाक्यांना तिथल्याच शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे, आणि चैत्य किंवा विहार दान देणाऱ्यांप्रमाणेच पोढी दान देणाऱ्यांचीही नावे खडकावर कोरलेली आहेत. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी क्षत्रप या शक राजघराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी होती, हे इतिहासकारांना कळले ते इथल्या एका पाण्याच्या टाक्यावरच्या लेखामुळे. सतेरक नावाच्या अमात्याने ते टाके दान दिले होते. लेखात महाक्षत्रपाच्या नावाचे अक्षर अर्धवट उरले आहे. तो रुद्रदामन असावा असे मानले जाते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या वैराच्या आणि सोयरिकीच्या कथेचा एवढा मोठा धागा आपल्यापर्यंत पोहोचला, कारण कोणीतरी डोंगरावर प्यायच्या पाण्याची सोय केली होती.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. डोंगरातल्या घळीतून पावसाळ्यात धबधबा कोसळतो आणि ते पाणी खाली नदीच्या दिशेने जाते. समोर इतके पाणी असताना भिक्षूंनी खडक फोडून टाकी का खोदली? कारण ते तिथे बाराही महिने राहत होते, आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आले असणार की मार्चनंतर घळीत काही उरत नाही. त्यांनी नदीने उन्हाळ्यात वाहावे असा हट्ट धरला नाही. तिला हंगामी मानूनच त्यांनी आपली व्यवस्था लावली, आणि ती इतकी पक्की लावली की त्यांतल्या काही टाक्यांत आजही उन्हाळ्यात पाणी असते.

पात्रातले पाणी वाहायचे थांबते म्हणजे संपते असेही नाही, आणि ही गोष्ट समजायला मात्र मे महिना लागतो. तेव्हा नदीचे डोह उरतात. रस्त्यापासून फार लांब नसलेला एक डोह मी बरीच वर्षे पाहतो आहे. एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीएवढाच, तीन बाजूंनी कातळ आणि एका बाजूला गोट्यांची उतरण. वर उंबराची फांदी आलेली. पाणी पानांच्या अर्काने चहाच्या रंगाचे झालेले, पण नितळ. तळाशी काळी पडलेली पाने एकेक मोजता येतात. पृष्ठभागावर निवळ्या चार पायांनी खोलगट खळ्या पाडत सरकतात, आणि निवळीपेक्षा तिच्या पायांखालच्या खळ्यांची सावलीच तळावर मोठी आणि ठसठशीत दिसते, चार-पाच काळी नाणी एकत्र घसरत जावीत तशी. बोटाएवढे मासे सावलीच्या कडेने उभे राहतात. आपण हललो की सगळे एकाच दिशेने वळतात. कातळाच्या फटीत एक मुठा खेकडा नांगी बाहेर काढून तासन् तास बसतो. उंबर पिकून पाण्यात पडले की 'डुब' असा आवाज येतो आणि क्षणभर सगळे मासे त्या जागी असतात. पुढच्या जूनमध्ये ही नदी पुन्हा सजीवांनी भरेल, ती या आणि अशा डोहांत तग धरून राहिलेल्यांमुळे. डोह आटले तर नुसत्या पावसाने पाणी परत येईल, पण नदी परत येणार नाही.

डोहांच्या मधल्या कोरड्या पात्रातही पाणी असते, फक्त ते दिसत नाही. उद्यानाच्या हद्दीत आदिवासींचे पाडे आहेत आणि तिथली वारली कुटुंबे या जंगलाला राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहतात. एकदा पाड्यावरच्या एका आजींना मी पात्रात वाकून बसलेले पाहिले. त्यांनी गोट्या बाजूला सारून, वाळूत कोपरभर खोल खड्डा केला होता आणि त्यात हळूहळू जमणारे पाणी करवंटीने कळशीत भरत होत्या. पहिल्या दोन-तीन करवंट्या गढूळ निघाल्या, त्या त्यांनी बाजूला ओतल्या. पुढचे पाणी स्वच्छ होते. मी म्हटले, "आजी, वर तर सगळे कोरडे ठणठणीत आहे." त्या मान वर न करता म्हणाल्या, "पानी गेलं नाय बाबा, खाली बसलंय." जलशास्त्राच्या पुस्तकांत याच गोष्टीसाठी पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात.

हे कोरडे पात्र जंगलातला सर्वांत सोयीचा रस्ताही असते. दोन्ही बाजूंना बांबू आणि काटेरी वेली माजलेल्या असताना, मधली मोकळी, उतार धरून जाणारी पट्टी कोणाला नको असेल? ओलसर वाळूवर चितळांचे खूर, माकडांचे पंजे, मुंगसाची बारीक पावले आणि कधीतरी बिबट्याचा, नखे न उमटलेला, गोल ठसा दिसतो. पहाटे फिरायला येणारी मंडळी डांबरी रस्त्यावर असतात, आणि त्यांना समांतर, शंभर पावलांवर, हा दुसरा रस्ता रात्रभर वापरून नुकताच मोकळा झालेला असतो.

खाली उतरत उतरत नदी उद्यानाच्या पर्यटन विभागात येते आणि इथे तिला पहिल्यांदा अडवलेले दिसते. पात्रात बांध घालून नौकाविहारासाठी तलाव केलेला आहे. या तलावाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. वाहणाऱ्या पाण्याने आणलेला गाळ इथे बसतो, पाणी हिरवट होते आणि नदीचा खरा चेहरा पाहायला आलेला माणूस सपाट, स्थिर पाणी पाहून हीच नदी समजून परत जातो. पण रविवारी त्या होड्यांत बसलेली मुले पाहिली की मी माझे मत गिळतो. पाण्याला हात लावायला मिळणे, ही या शहरात क्वचित मिळणारी गोष्ट आहे.

त्यानंतर कुंपण येते. पलीकडे श्रीकृष्णनगर, मग द्रुतगती महामार्ग, दौलतनगर, रेल्वेचे रूळ, दहिसर गावठाण, कांदरपाडा आणि शेवटी तिवरांची खाडी. हा निम्म्याहून अधिक प्रवास मी थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. गावठाणातली जुनी माणसे इथे पोहल्याच्या आणि काठावर सिनेमांची चित्रीकरणे पाहिल्याच्या आठवणी सांगतात. आता पात्राला दोन्ही बाजूंनी उंच काँक्रीटच्या भिंती आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या नद्या घराघरांत शिरल्या, त्यानंतर पात्रे रुंद करण्याची आणि भिंती बांधण्याची कामे वेगाने झाली. ज्यांच्या घरात छातीपर्यंत पाणी आले होते त्यांना भिंत हवीशी वाटणार, यात मी दोष काढणार नाही. मात्र भिंतींच्या मधून मे महिन्यातही जे भरपूर पाणी वाहते, ते डोंगरातून आलेले नसते. ते वस्त्यांचे सांडपाणी असते, तबेल्यांचे शेणपाणी असते. आठ-दहा मिनिटांच्या अंतरावर, कुंपणाच्या आत, त्याच वेळी त्याच नदीचे पात्र कोरडे असते. या दोन दृश्यांतला फरक एकदा लक्षात आला की बारमाही वाहणे हे इथे आरोग्याचे लक्षण राहत नाही. या नदीने उन्हाळ्यात कोरडे पडणेच स्वाभाविक आहे. नदीच्या पुनरुज्जीवनाच्या योजनांत 'वर्षभर प्रवाह' असे शब्द दिसले की म्हणूनच मला धास्ती वाटते. सांडपाणी अडवून स्वच्छ करणे आवश्यक आहेच. पण ते झाल्यावर उन्हाळ्यात जे रिकामे पात्र दिसेल, त्याला लोकांनी 'नदी मेली' म्हणू नये, एवढी तयारी आतापासून व्हायला हवी.

गेल्या वर्षी मी एका गोष्टीचा पाठलाग केला. कोरड्या पात्रात पहिले पाणी कसे येते, ते मला पाहायचे होते. पहिल्या दोन सरींनी काहीच झाले नाही. जमिनीने ते सगळे पिऊन टाकले. तिसऱ्या दिवशी रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी मी पुलावर पोहोचलो तेव्हा धोंड्यांच्या मधे नुसती ओल होती. अर्धा-पाऊण तास उभा राहिलो. सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून आजच काय ते, अशा हिशेबाने मी हटत नव्हतो. प्रथम आवाज आला, कोणीतरी वाळक्या पानांतून सावकाश चालत यावे तसा. मग वरच्या वळणावर पाचोळ्याची एक हलणारी रांग दिसली. पाणी तिच्या मागे होते. चार बोटे उंचीची ती रांग काटक्या, फेस, वाळलेली बांबूची पाने आणि जीव वाचवायला धावणाऱ्या मुंग्या यांना ढकलत, प्रत्येक खळग्यापाशी थांबत, तो भरला की पुढे निघत खाली येत होती. म्हशीच्या पाठीच्या धोंड्यापाशी ती दुभंगली. डावी धार लगेच पुलाखाली गेली. उजवीकडे एक खोल खळगा होता, तिथे पाणी बराच वेळ अडले, फेस गोल गोल फिरत राहिला, आणि मी घड्याळात पाहून वर मान करेपर्यंत तीही बाजू वाहू लागली होती.